कोर्टात न भांडता घटस्फोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कौटुंबिक प्रकरणांत वकिली करते आणि मध्यस्थ म्हणूनही बसते. खालचे प्रश्न लोक मला फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा विचारतात, बरेचदा रात्री दहानंतर, घरातले सगळे झोपल्यावर. माझं मत आधीच सांगून टाकते. वेगळं व्हायचं पक्कं असेल, तर एकमेकांचे दोष सिद्ध करण्यात जाणारी ताकद एक नीट, तपशीलवार कन्सेंट टर्म्स (दोघांच्या संमतीने ठरलेल्या अटींचा कागद) लिहिण्यात घाला. पुढची पंधरा-वीस वर्षं तोच कागद तुमच्या कामी येतो. उत्तरं मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ ला धरून आहेत. तुमचं लग्न दुसऱ्या कायद्याखाली झालं असेल तर प्रश्न ४ आधी वाचा.

१. कोर्टाची पायरी न चढता घटस्फोट मिळू शकतो का? आमच्या ओळखीच्यांनी स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतली होती.

नाही. नोटरीसमोर सह्या केलेला कागद तुम्हाला कायद्याने वेगळं करत नाही. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये तिला जागाही ठेवलेली आहे. पण ती रूढी आपल्या समाजात खरोखर चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेल्या माणसांची प्रकरणं माझ्याकडे येतात. तेव्हा दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि द्विविवाहाचा गुन्हा मागे लागतो.

कोर्टातलं भांडण मात्र टाळता येतं. सगळं आधी बाहेर ठरवायचं आणि ते ठरलेलं घेऊन कोर्टात जायचं. मग साक्षीपुरावे नाहीत, उलटतपासणी नाही. न्यायाधीश दोघांना विचारतात, “हे स्वखुशीने करताय ना? कुणाचा दबाव?” दोघांनी उत्तर द्यायचं.

२. सहयोगी घटस्फोट म्हणजे नेमकं काय? आमच्या मुलीने अमेरिकेतून हा शब्द सांगितला.

पद्धत तिकडचीच आहे. मिनेसोटातले वकील स्टू वेब यांनी १९९० मध्ये ठरवलं, की यापुढे कौटुंबिक प्रकरणांत आपण फक्त तडजोडीचं काम करायचं, कोर्टात लढायचं नाही. त्यातून ती उभी राहिली. दोघांचा आपापला वकील असतो. चौघं एका टेबलाशी बसतात. गरजेप्रमाणे पैशाचा एक तटस्थ जाणकार आणि मुलांसाठी एक समुपदेशक येतो. सुरुवातीलाच लेखी करार होतो: सगळी कागदपत्रं उघड करायची, बोलणी चालू असेपर्यंत कुणी कोर्टात धाव घ्यायची नाही, आणि बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचं.

पद्धतीचा सगळा जोर या शेवटच्या अटीत आहे. बोलणी मोडली तर वकिलाच्या हातून काम जातं, तुम्हालाही नवा वकील शोधून पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. म्हणून टेबलावरून उठण्याआधी सगळेच दहादा विचार करतात.

भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. पण असा करार करून बोलणी करायची आणि निघालेली तडजोड हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब च्या (परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या) अर्जात घालायची, याला कशाचीच आडकाठी नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. “कधीही कोर्टात जाणार नाही” असं कुणी लिहून घेतलं तरी ते टिकत नाही, कारण कायदेशीर दाद मागण्याचा मार्ग पूर्ण बंद करणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २८ नुसार निरर्थक ठरतो. वकील स्वतःला बाजूला होण्याचं बंधन घालून घेऊ शकतो. तुमचं दार तो बंद करू शकत नाही.

३. मग मध्यस्थी वेगळी का? दोन्ही सारखंच वाटतं.

मध्यस्थ एकच असतो आणि तो कुणाच्याच बाजूचा नसतो. तो सल्ला देत नाही, निकालही देत नाही. दोघांना बोलतं ठेवणं, गरज पडली तर वेगवेगळं बसवून ऐकणं हे त्याचं काम. सहयोगी पद्धतीत तुमच्या शेजारी तुमचा माणूस बसलेला असतो. घरात एकाचाच शब्द चालत आला असेल, किंवा पैशाचे व्यवहार एकालाच कळत असतील, तर दुसऱ्याला ही सोबत फार लागते. दोघं तोलामोलाचे असतील तर मध्यस्थी पुरते, आणि स्वस्तही पडते (प्रश्न ९).

४. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीने झालंय. नणंदेचं चर्चमध्ये. आम्हालाही हेच लागू?

विशेष विवाह कायदा, १९५४ खालच्या लग्नाला संमतीच्या घटस्फोटासाठी कलम २८ आहे. मुदती (प्रश्न ५) जवळपास सारख्याच. पारशी विवाह कायद्यात कलम ३२ब आहे. ख्रिश्चन जोडप्यांसाठी घटस्फोट कायदा, १८६९ मध्ये २००१ साली कलम १०अ आलं. त्यात वेगळं राहण्याची मुदत दोन वर्षं लिहिली आहे. केरळ उच्च न्यायालयाने ती सैल केली, इतर राज्यांत मात्र वकिलाला विचारूनच पुढे जा. मुस्लिम जोडप्यांत दोघांच्या संमतीने होणारी मुबारत आहे आणि पत्नीच्या मागणीवरून होणारा खुलाही. एका दमात तीन वेळा तलाक म्हणणं २०१९ च्या कायद्याने निरर्थक आहे आणि गुन्हाही.

बोलणी करण्याची पद्धत सगळ्यांना सारखीच लागू पडते, बदलतो तो शेवटचा कोर्टाचा टप्पा.

५. एकूण वेळ किती लागतो?

कलम १३ब मध्ये तीन अटी आहेत: अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असणं, एकत्र राहणं जमत नसणं, आणि वेगळं होण्यावर दोघांचं एकमत. दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. हे फर्स्ट मोशन. मग सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन “आमचं ठरलेलं कायम आहे” असं सांगायचं. हे सेकंड मोशन. त्यानंतर डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा.

अर्ज कुठे करायचा? लग्न झालं ते ठिकाण, दोघं शेवटचं एकत्र राहिलात ते, किंवा पत्नी सध्या राहते ते, यांपैकी कुठेही. कुटुंब न्यायालय नसलेल्या जिल्ह्यात दिवाणी न्यायालयात काम चालतं.

६. आम्ही अजून एकाच फ्लॅटमध्ये राहतो. दुसरं घर भाड्याने घेणं परवडत नाही. वेगळं राहणं कसं दाखवायचं?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात हे स्पष्ट केलंय. वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. छप्पर एक असलं तरी चालतं. अर्जात ते खरं खरं लिहा: कोणत्या महिन्यापासून खोल्या वेगळ्या, स्वयंपाक वेगळा की एकत्र, खर्च कसा वाटता. खोटा पत्ता टाकू नका. मुलांची शाळा, आधार, गॅसचं कार्ड सगळीकडे खरा पत्ता असतो आणि खोटं लगेच उघडं पडतं.

७. सहा महिन्यांचा कूलिंग पिरियड माफ होतो म्हणे?

होऊ शकतो. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (२०१७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही मुदत अटळ नाही. तिथे दिलेले निकष असे: फर्स्ट मोशनच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न करून संपलेले असावेत, पोटगी-ताबा-वाटणी खरोखर मिटलेली असावी, आणि आणखी थांबल्याने फक्त त्रास लांबणार असावा. माफीचा अर्ज फर्स्ट मोशननंतर आठवड्याने करता येतो.

म्हणजे ज्यांनी घरचा अभ्यास आधी केलाय त्यांनाच ही सवलत मिळते. “आम्हाला घाई आहे” हे कारण चालत नाही. वेगळं राहण्याचं सुरुवातीचं एक वर्ष मात्र कुटुंब न्यायालय सहसा माफ करत नाही.

८. दोघांनी मिळून एकच वकील केला तर?

बरीच जोडपी करतात, पैसे वाचतात. मला हे पटत नाही. एकच माणूस दोघांना “हे तुमच्या फायद्याचं नाही” असं सांगू शकत नाही. अर्ज एकाने लिहिला तरी हरकत नाही, पण सह्या करण्याआधी दुसऱ्याने तो मसुदा स्वतःच्या वकिलाला तासभर दाखवावा. कुटुंब न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही (कुटुंब न्यायालय कायदा, १९८४, कलम १३), तिथे परवानगी घ्यावी लागते. पण बाहेर सल्ला घ्यायला कुणीच अडवत नाही.

९. हे सगळं श्रीमंतांसाठीच आहे ना?

तसं नाही. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रात पक्षकारांना फी नसते. महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, त्यांचीही फी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

दोन वकील, पैशाचा जाणकार आणि समुपदेशक असा पूर्ण ताफा खर्चिक असतो, हे खरं. पण प्रत्येकाला तो लागत नाही. मूल नसलेल्या, दोघं कमावत्या, भाड्याच्या घरातल्या जोडप्याचं काम मध्यस्थीच्या दोन बैठकांत होताना मी पाहिलंय.

१०. नवरा खरा पगार सांगत नाही. अशा माणसाशी बोलणी काय करायची?

आधी कागद, मग बोलणी. रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. तोच नमुना बोलणीच्या पहिल्या बैठकीला दोघांनी भरून आणायचा. सोबत तीन वर्षांची आयकर विवरणं, पगारपत्रकं, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, डीमॅट, पीएफ, विमा, घेतलेली आणि दिलेली उसनवारी. धंदा असेल तर जीएसटीची विवरणंही.

बायकांनाही मी हेच सांगते. माहेरी ठेवलेली एफडी, आईच्या नावावरचं सोनं हे लपवलेलं पुढे बाहेर आलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

कागद द्यायला कुणी सरळ नकार दिला, तर त्याच्याशी सहयोगी पद्धत जमणार नाही. कोर्टाला कागद मागवण्याचे अधिकार आहेत, तिकडेच जा. यात काही कमीपणा नाही.

११. पोटगी किती मागावी? एकरकमी बरी की दरमहा?

ठरलेला आकडा कोणत्याही कायद्यात नाही. लग्न किती वर्षांचं, मुलं कुणाकडे, कुणाची नोकरी संसारापायी सुटली, आजारपण, राहायला घर आहे की नाही, हे सगळं पाहिलं जातं. मी दोघांना एक साधं काम देते: वेगळं झाल्यावरचा पहिल्या महिन्याचा खर्च वहीत ओळ न ओळ लिहून आणा. भाडं, किराणा, स्कूल बस, औषधं, आईवडिलांना पाठवायचे पैसे. “मला पन्नास हवेत”, “मी दहाच देईन” ही खेचाखेच त्या वहीपुढे बरीच शांत होते.

एकरकमी पैसे मिळाले की संबंध तिथे संपतो, पण ते नीट गुंतवावे लागतात. दरमहा पोटगीत दर वर्षी वाढ किती हे लिहायला लोक विसरतात. मग पाच वर्षांनी तीच रक्कम अपुरी पडते. करातही फरक आहे. मासिक पोटगी घेणाऱ्याच्या हातात उत्पन्न धरली जाते, एकरकमी सहसा भांडवली जमा समजतात. सीएला दाखवा.

एकरकमी रक्कम टप्प्यांत देतात, काही भाग फर्स्ट मोशनला, उरलेला सेकंड मोशनच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. डीडीची मुदत तीन महिन्यांची असते. आधीच काढून ठेवला आणि तारीख पुढे गेली की ड्राफ्ट शिळा होतो आणि ऐन वेळी कोर्टाच्या बाकावर नवं भांडण पेटतं. म्हणून तारीख जवळ आल्यावरच काढा.

“यापुढे काहीही मागणार नाही” असं वाक्य लिहून घेतलं की कायमचं कुलूप लागलं, असं समजू नका. घटस्फोटित, पुनर्विवाह न केलेली स्त्री पोटगीच्या कायद्यात “पत्नी” या शब्दातच येते. काही न देता असं वाक्य लिहून घेणारे मग अडचणीत येतात.

१२. मुलांचं काय? तिच्याकडे ताबा आणि मला महिन्यातून दोनदा भेट, एवढं लिहिलं की झालं?

अजिबात झालं नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात: हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. पण सगळ्यावर वरचढ आहे ते मुलाचं हित. तुम्ही काहीही ठरवलं तरी ते मुलाच्या हिताचं आहे का, हे कोर्ट पाहतं आणि परिस्थिती बदलली तर ताब्याची व्यवस्था नंतरही बदलता येते. मुलाच्या खर्चाचा हक्क आईवडिलांना आपसांत सोडून देता येत नाही. “मूल मी ठेवते, तू पैसे देऊ नकोस” ही अट कोर्टाला बांधत नाही.

आता कागदाबद्दल. एका प्रकरणात सगळं ठरून गेलं होतं. आठ वर्षांच्या मुलीने समुपदेशकाला एकच प्रश्न विचारला, “माझा चष्मा कुणाच्या घरी राहणार?” आईबाप दोघंही गप्प झाले. मग कन्सेंट टर्म्समध्ये ओळ आली: दोन चष्मे, दोन्हीकडे एकेक, नंबर बदलला की दोन्ही बदलायचे, खर्च निम्मा-निम्मा. त्या मुलीकडून मी शिकले, की मुलाला काळजी असते ती अशा गोष्टींची.

म्हणून लिहा. कोणता शनिवार, किती वाजता, कुणी आणायचं, कुणी सोडायचं, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं. गणपती आणि दिवाळी आलटून पालटून कुणाकडे. मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची. शाळेच्या पालकसभेला दोघांनी जायचं की एकाने, ॲपचा पासवर्ड कुणाकडे. आजीआजोबांना भेट. ताप आला तर दुसऱ्याला किती वेळात कळवायचं. पासपोर्टला दोघांची संमती लागते, ती आधीच लिहून ठेवायची. परदेशी नेताना परतीचं तिकीट दाखवायचं. आडनाव तेच राहणार का. दहावीनंतरच्या फीचा वाटा किती.

आणि मुलाच्या हातून निरोप पाठवायचे नाहीत, ही ओळ मी प्रत्येक मसुद्यात घालते.

१३. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, होम लोनही. त्याने लिहून दिलंय की हप्ते तोच भरेल. मग मी सुटले ना?

नाही, आणि याच भ्रमामुळे लोकांचं फार नुकसान होतं. तुमच्या दोघांतला करार बँकेला बांधत नाही. कर्जाच्या कागदावर तुमची सही आहे तोवर तुम्ही सहकर्जदार आहात. घटस्फोटानंतर तीन वर्षांनी त्याचे हप्ते थकले तर बँक तुम्हाला फोन करणार आणि तुमचा सिबिल स्कोअर पडणार. नवं घर घ्यायला जाल तेव्हा हे कळेल.

फर्स्ट मोशनच्या आधीच बँकेत जा. फ्लॅट ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर बँक कर्ज चालू ठेवायला तयार आहे का, हे लेखी घ्या. तयार नसेल तर कर्ज दुसरीकडे हलवा, किंवा फ्लॅट विकून कर्ज फेडा आणि उरलेले वाटा. विकायचाच असेल तर किमान किंमत आणि शेवटची तारीख कागदावर हवी, नाहीतर एक जण विकायला निघेल आणि दुसरा “भाव येऊ दे” म्हणत बसेल.

हिस्सा एकमेकांच्या नावावर करायचा असेल तर वेळ सांभाळा. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीत बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार असल्यास वेगळा. डिक्री झाल्यावर तुम्ही पती-पत्नी नसता आणि ही सवलत गेली. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र की डिक्रीतूनच हस्तांतर, हे प्रकरणागणिक बदलतं, त्यामुळे मसुदा होण्याआधी विचारा. अर्जात फ्लॅटचं पूर्ण वर्णन असू द्या. अर्जात नसलेली स्थावर मालमत्ता तडजोडीत घातली तर डिक्रीची नोंदणी करावी लागते.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वीजबिल आणि पार्किंगही विसरू नका.

१४. लग्नातले दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. ते माझे की घराचे?

तुमचे. स्त्रीधनावर फक्त स्त्रीचा हक्क असतो. ते सांभाळायला दुसऱ्याकडे दिलं म्हणून मालकी बदलत नाही. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून हे पक्कं आहे. यादी करताना वजन लिहा, लग्नाचे फोटो सोबत ठेवा, आणि दागिने परत मिळाल्याची पावती दोघांनी सही करून घ्या.

यादीत भावनेच्या वस्तूही घाला. एका बैठकीत फ्लॅट आणि ठेवी पाऊण तासात वाटून झाल्या आणि एका पितळी डब्यावर दीड तास गेला. डबा तिच्या आजीचा होता आणि कुठल्याच यादीत नव्हता.

१५. मी ४९८अ ची (नवरा-सासरच्यांकडून छळाची) केस टाकली आहे. आता तडजोड झाली तर ती मागे घेता येते?

नुसत्या तुमच्या अर्जाने नाही, कारण हा गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही. दोघांनी उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. तडजोड झालेल्या वैवाहिक वादांत उच्च न्यायालय असं करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात मान्य केलं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं, आणि रद्द करण्याचा अर्ज आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली होतो.

पैशाचा कोणता टप्पा कधी आणि गुन्हा रद्द करायचं शपथपत्र कधी, याचा क्रम कन्सेंट टर्म्समध्ये स्पष्ट लिहा. आधी कुणी काय सोडायचं यावरच तडजोडी मोडतात.

१६. तो हात उचलतो. तरी घरचे म्हणतात समजुतीने घ्या.

ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर बसून मोकळेपणी “नाही” म्हणता येत नाही, आणि तसं म्हणता येत नसेल तर ती संमती नव्हेच. आधी सुरक्षितता. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकारी, राहत्या घराचा हक्क आणि संरक्षणाचे आदेश मिळतात. ते हातात आल्यावर, तुमचा वकील सोबत असताना, वेगळ्या खोल्यांत बसून मध्यस्थी करायची की नाही ते तुम्ही ठरवा. घरच्यांनी नाही.

१७. मध्यस्थीत मी रागाच्या भरात काही कबूल केलं तर ते कोर्टात वापरतील?

मध्यस्थीच्या खोलीतलं बोलणं गोपनीय असतं. मोती राम विरुद्ध अशोक कुमार (२०१०) निकालानुसार मध्यस्थाने कोर्टाला फक्त तडजोड झाली की नाही एवढंच कळवायचं, कोण काय बोललं ते नाही. मात्र खोलीबाहेरचे व्हॉट्सॲप मेसेज आणि फोन यांना हे संरक्षण नाही. पती-पत्नीतला गुपचूप रेकॉर्ड केलेला संवाद वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. म्हणून बोलणी सुरू करताना “कुणी रेकॉर्डिंग करायचं नाही” हे लेखी घ्या, आणि रात्री उशिराचे मेसेज टाळा.

१८. फर्स्ट मोशननंतर तिने संमती मागे घेतली. असं करता येतं?

येतं. डिक्री होईपर्यंत संमती दोघांची टिकून असावी लागते (प्रश्न ६ मधलाच सुरेष्टा देवी निकाल). पण ठरलेले पैसे घेऊन किंवा कोर्टाला लेखी हमी देऊन मग फिरलं, तर अवमानाची कारवाई होऊ शकते आणि घेतलेलं परत करावं लागू शकतं. यासाठीच पैशाचे टप्पे असतात (प्रश्न ११).

संमती मागे घेणारा माणूस दर वेळी खोटाच असतो असंही नाही. कधी सह्या फार लवकर झालेल्या असतात. पुन्हा एकदा मध्यस्थाकडे जा, कोणती अट टोचतेय ते विचारा. बऱ्याचदा एखादीच असते.

१९. समोरचा घटस्फोटाला तयारच नाही. थेट सुप्रीम कोर्टात जाऊन संसार संपलाय असं सांगता येईल का?

थेट नाही. १ मे २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालात घटनापीठाने म्हटलंय, की विवाह सुधारण्यापलीकडे गेला असेल तर राज्यघटनेचं कलम १४२ वापरून सर्वोच्च न्यायालय घटस्फोट देऊ शकतं, एकाची संमती नसली तरी. पण तो त्या न्यायालयाचा स्वेच्छाधिकार आहे, पक्षकाराचा हक्क नाही, आणि त्यासाठी तिथे थेट रिट याचिका करता येत नाही. कुटुंब न्यायालयाला हा अधिकार नाही. तिथे क्रूरता, परित्याग अशी कारणं सिद्ध करावी लागतात. तो खटला चालू असतानाही न्यायाधीशांना मध्यस्थीकडे पाठवायला सांगता येतं. लढा सुरू झाल्यावर कलम १३ब कडे वळलेली कितीतरी जोडपी आहेत.

२०. नवरा दुबईत आहे. दोन्ही वेळा त्याला यावंच लागेल?

बऱ्याच प्रकरणांत न्यायालयं मुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगी देतात. आधी अर्ज करावा लागतो, मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून आणावं लागतं. परदेशातच एकतर्फी घटस्फोट घेऊन आलेल्यांनी सावध असावं. १९९१ च्या नरसिंह राव निकालानुसार परदेशी डिक्री इथे आपोआप मान्य होत नाही.

२१. डिक्री मिळाली. दुसरं लग्न लगेच करता येईल?

संमतीच्या डिक्रीवर अपील नसतं (कुटुंब न्यायालय कायदा, कलम १९), त्यामुळे अपिलाच्या मुदतीसाठी अडकून राहावं लागत नाही. लढून मिळालेल्या डिक्रीत ९० दिवसांची मुदत संपू द्यावी लागते. प्रमाणित प्रती चार-पाच काढून ठेवा. बँक, पासपोर्ट, पीएफ, सोसायटी, मुलाची शाळा, सगळीकडे लागतात.

२२. दोन मोशनच्या मधल्या काळात एखाद्याचा मृत्यू झाला तर?

हा प्रश्न मला दोनच जणांनी विचारला, पण विचारायला सगळ्यांनी हवा. डिक्रीआधी मृत्यू झाला तर अर्ज तिथेच संपतो आणि मागे राहिलेला जोडीदार कायद्याने पत्नी किंवा पतीच राहतो, वारसाहक्कासकट. तडजोडीत काय ठरलं होतं याने त्यात फरक पडत नाही. डिक्रीनंतर जोडीदार वारस राहत नाही, मुलांचे हक्क मात्र दोघांकडूनही कायम राहतात.

म्हणून फर्स्ट मोशनच्या आठवड्यातच विमा, बँक आणि म्युच्युअल फंडाची नामनिर्देशनं पाहून घ्या. नुसतं नामनिर्देशन बदलल्याने वारस बदलत नाही, म्हणून स्वकष्टार्जित मालमत्तेचं साधं मृत्युपत्रही करून ठेवा. तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि तो कागद कुठे ठेवलाय ते एका विश्वासाच्या माणसाला सांगा.